मास्तर आणि मूल यांच्यामध्यें हा नवा मध्यस्थ कशाला?

ज्या घरांत आजाचा अंगठा उमटला, बापाचाही अंगठाच उमटला, त्या घरांतील मूल जेव्हां पहिल्यानें चार ओळी आपल्या मनानें लिहून दाखवितें, तेव्हां त्या घरास जो आनंद होतो तो पिढ्यानपिढ्या ज्यांच्या घरीं दौत-लेखणी नांदली त्यांस पुरता कळावयाचा नाहीं. आणि त्याच मुलास भर वर्गांत कोणी म्हणाला कीं, "हें तुझें नव्हे, हें तूं कोठून तरी आणलेंस," तर त्या घरास जो डाग लागतो, तोही त्यांस कळावयाचा नाहीं. असा डाग लावण्याचें एक नवें साधन हल्लीं शाळा-कॉलेजांच्या हातीं आलें आहे. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुमचीं मुलें शिकत आहेत, म्हणून हा विषय तुमचा आहे. तो विद्वानांच्या परिषदांवर सोडून चालणार नाहीं.

मूळ हकीकत अशी. २०२२ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेंतील ओपनएआय या कंपनीनें चॅटजीपीटी नांवाचें लिहिणारें यंत्र लोकांस खुलें केलें. पुढें इतर कंपन्यांनींही तशींच यंत्रें काढलीं, आणि आज तीं आपल्या खेड्यांतील पोरांच्या मोबाइलवर येऊन बसलीं आहेत. विषय सांगावा, कीं क्षणांत निबंध, अर्ज, उत्तर, सगळें तयार. हें यंत्र माणसाप्रमाणें पाहून, सोसून, समजून लिहितें असें मात्र कोणीं समजूं नये. माणसांनीं लिहिलेला अफाट मजकूर त्याच्या पोटांत घातलेला असतो, आणि एका शब्दामागून बहुधा कोणता शब्द येतो याचा अदमास बांधीत तें पुढें सरकतें. म्हणून तें जितक्या ठामपणें खरें सांगतें तितक्याच ठामपणें खोटेंही सांगतें. २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या एका कोर्टांत वकिलांनीं या यंत्राकडून दाखले काढून घेतले व ते तसेच न्यायाधीशापुढें मांडले. ते खटले जगांत कधीं झालेच नव्हते! न्यायाधीशानें ५,००० डॉलर दंड ठोठावला. कायदा कोळून प्यालेल्या वकिलांची ही गत, तर आठवीच्या पोराची काय कथा?

आतां हें यंत्र आल्यावर शिक्षकवर्गानें काय केलें तें पाहूं.

एक पंथ बंदीवाल्यांचा निघाला. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनीं जानेवारी २०२३ मध्यें चॅटजीपीटी शाळेंतील संगणकांवर बंद केलें, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत ती बंदी आपल्याच हातानें उठविली. हें असें होणारच होतें. शाळेंत दार लावलें तरी ज्याच्या घरीं स्वतःचा संगणक आहे त्याला खिडकी उघडीच असते. बंदी बसते ती फक्त ज्याच्या घरीं कांहीं नाहीं त्याच्यावर. विहिरीवर कुलूप लावलें म्हणजे ज्याच्या वाड्यांत आड आहे त्याला तहान लागत नाहीं.

दुसरा पंथ पोलिसी बाण्याचा. या मंडळींनीं चोर पकडण्यासाठीं दुसरें यंत्र आणलें. यास आम्ही पारखयंत्र म्हणूं. मुलाचा निबंध त्यांत घालावा, आणि त्यानें सांगावें कीं यांतील शेंकडा इतका भाग यंत्रानें लिहिलेला आहे. टर्निटिन या कंपनीनें एप्रिल २०२३ पासून असें पारखयंत्र शाळा-कॉलेजांस पुरविलें. चॅटजीपीटी ज्यांनीं बनविलें त्या ओपनएआयनेंही जानेवारी २०२३ मध्यें स्वतःचें पारखयंत्र काढलें होतें. त्याचा प्रताप काय होता? कंपनीच्याच सांगण्याप्रमाणें यंत्रानें लिहिलेल्या शंभर मजकुरांपैकीं तें सव्वीसच पकडीत असे, आणि माणसानें लिहिलेल्या शंभरांपैकीं नवांवर मात्र खोटा आळ घेत असे. सहा महिन्यांत, जुलै २०२३ मध्यें, तें त्यांनीं मुकाट्यानें मागें घेतलें. ज्यानें कुलूप बनविलें त्यालाच किल्ली बनवितां आली नाहीं, आणि आमचे कॉलेजवाले म्हणतात कीं बाजारांत मिळणाऱ्या किल्लीवर विश्वास ठेवा!

पण खरी मेख पुढेंच आहे. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२३ सालीं अशा सात पारखयंत्रांची परीक्षा घेतली. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाहीं अशा विद्यार्थ्यांनीं टोफेल परीक्षेसाठीं लिहिलेले ९१ निबंध त्यांनीं यंत्रांत घातले. हे निबंध माणसांचेच होते. तरी सरासरी शेंकडा ६१ निबंध यंत्रांनीं "यंत्राचे" म्हणून ठरविले. ९१ पैकीं ८९ निबंधांवर निदान एका तरी यंत्रानें बोट ठेवलें, आणि १८ निबंधांवर तर सातही यंत्रांनीं एकमतानें चोरीचा शिक्का मारला. अमेरिकेंतच शिकणाऱ्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र तींच यंत्रें जवळजवळ बिनचूक ओळखीत होतीं.

असें कां व्हावें? कारण साधें आहे. पारखयंत्र पाहतें तें इतकेंच कीं, पुढचा शब्द अपेक्षेप्रमाणें आला कीं अनपेक्षित आला. परकी भाषा कष्टानें शिकलेलें मूल थोडक्या, ओळखीच्या शब्दांत, सरळ वाक्यांत लिहितें. त्याची चूक होऊं नये म्हणून तें मळलेल्या वाटेनें चालतें. हा त्याचा सावधपणाच यंत्रास चोरी वाटतो. नवशिका औत्या भीत भीत तास धरतो व तो सरळ निघतो. त्याला पाटील म्हणाला, "तास फार सरळ आहे, तूं धरलाच नसशील," तर त्या पाटलास आपण काय म्हणूं? आणि याहून नवल असें कीं, त्याच संशोधकांनीं तेच निबंध चॅटजीपीटीकडून भरजरी शब्दांनीं नटवून आणले, तेव्हां त्यांतील बहुतेक निबंध पारखयंत्रांतून सुटले! म्हणजे जो आपल्या मोडक्यातोडक्या शब्दांत प्रामाणिकपणें लिहितो तो चोर, आणि जो यंत्राकडून शब्द उसने घेतो तो साव. यापेक्षां उलटा न्याय तो कोणता?

विकणारे सांगतात कीं आतां यंत्रें सुधारलीं. सुधारलीं असतील. पण एक हिशेब प्रत्येकानें करावा. अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठानें तो केला. २०२२ सालीं त्या विद्यापीठानें ७५,००० लेख टर्निटिनकडे तपासास घातले होते. कंपनी म्हणते कीं आमची चूक शंभरांत एकाहून अधिक नाहीं. तें खरें धरलें तरी साडेसातशे निर्दोष लेखांवर आळ येतो. हें पाहून त्या विद्यापीठानें ऑगस्ट २०२३ मध्यें तें पारखयंत्र बंद केलें. शंभरांत एक म्हणजे थोडें, असें ज्याच्या मुलावर आळ आला नाहीं त्यालाच वाटतें.

आतां हें सगळें परदेशांतलें, आम्हांस त्याचें काय, असें कोणीं म्हणूं नये. आमचें मूल बारावीपर्यंत मराठींत शिकतें आणि कॉलेजांत गेल्यावर त्यास एकदम इंग्रजींत लिहावें लागतें. त्याची इंग्रजी गाइडांतून पाठ केलेली, सरळसोट, एकसुरी असते; इंग्रजी मातृभाषा नसलेल्या ज्या विद्यार्थ्यांवर त्या सात यंत्रांनीं आळ घेतला त्यांचाच हा भाऊबंद. शिवाय आपल्याकडे शेंकडेवारी पाहून न्याय करण्याची संवय आधींच लागली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्यासंबंधीं नियम केले. त्यांत शेंकडा दहापर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाहीं, आणि शेंकडा साठाच्या वर गेल्यास संशोधक विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द, अशा पायऱ्या आहेत. तेथें निदान कोणत्या पुस्तकांतील कोणती ओळ उचलली तें समोर ठेवून दाखवितां येतें. पारखयंत्राचा आंकडा मात्र कशाशींही ताडून पाहतां येत नाहीं. तो म्हणजे निव्वळ अंगांत आलेल्याचा कौल! २०२४ सालीं हरियाणांतील एका कायद्याच्या विद्यार्थ्यास याच कारणावरून नापास केलें, तेव्हां तो थेट पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयांत गेला. पुढें विद्यापीठानेंच त्यास उत्तीर्ण ठरविलें. तो विद्यार्थी स्वतः वकील होता, म्हणून निभावलें. आम्ही विचारतों, कुंभाराच्या मुलीनें कोणत्या कोर्टाची पायरी चढावी?

वाचकहो, "हें तुझें नव्हे" हा आरोप आमच्या समाजास नवा नाहीं. शूद्राला अक्षर येणारच नाहीं, आणि आलें तर तें कोणाकडून तरी आलेलें असणार, हा समज या देशांत शतकानुशतकें धर्म म्हणून शिकविला गेला. १८५५ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजांतील चौदा वर्षांच्या मुलीनें आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, आणि तो 'ज्ञानोदय' पत्रांत छापून आला. आज तो निबंध पारखयंत्रापुढें ठेवला तर काय उत्तर येईल तें कोणीं सांगावें? पण त्या निबंधास यंत्राच्या साक्षीची गरज नव्हती. ती मुलगी अक्षर गिरवितांना जिनें पाहिली ती शाळाच तिची साक्षीदार होती.

आणि येथेंच आमचें मुख्य म्हणणें आहे. १८७३ सालीं जोतीरावांनीं सत्यशोधक समाज स्थापिला तो एका साध्या गोष्टीवर: निर्मिक आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको. ज्याला आपण पाहूं शकत नाहीं, ज्याची भाषा आपणांस कळत नाहीं, ज्याच्या निर्णयावर आपणांस प्रश्न विचारतां येत नाहीं, अशा मध्यस्थाच्या हातीं आपलें बरेंवाईट द्यावयाचें नाहीं. तोच न्याय शाळेस लागू आहे. मास्तर आणि मूल यांच्यामध्यें आज दोन दलाल घुसले आहेत. एक मुलाच्या बाजूनें लिहितो, दुसरा मास्तराच्या बाजूनें वाचतो. मूल म्हणतें मला लिहिण्याचे कष्ट नकोत, मास्तर म्हणतो मला वाचण्याचे कष्ट नकोत. मग दोन यंत्रें एकमेकांशीं बोलत बसतात आणि विद्या बाहेर ओसरीवर उभी राहते.

मास्तरांविषयीं आम्हांस आकस नाहीं. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, त्यांतले निम्मे निबंध एकाच सांच्यांतून काढलेले, आणि विचारलें तर पोरगें डोळ्याला डोळा देत नाहीं. अशा वेळीं मास्तराचें मन विटतें हें आम्ही जाणतों. फसविला गेलेला मास्तर रागावला तर तो त्याचा दोष नव्हे. पण राग आला म्हणून न्याय यंत्रावर सोंपवावा असें होत नाहीं. २०२३ सालीं टेक्सासमधील एका प्रोफेसरानें मुलांचे निबंध चॅटजीपीटीलाच दाखवून विचारलें कीं, "हे तूं लिहिलेस काय?" यंत्र "होय" म्हणालें, आणि मुलांचे निकाल अडले. त्या यंत्रास असला प्रश्न विचारणें म्हणजे पोपटास साक्षीला बोलावणें आहे.

आणि शिक्षकांत तिसराही एक पंथ आहे, त्याचें नांव घेणें भाग आहे. हे लोक वर्गांत मुलांस प्रामाणिकपणाचा उपदेश करतात आणि आपलीं टिपणें त्याच यंत्राकडून लिहवून घेतात. २०२५ सालीं बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठांतील एका विद्यार्थिनीनें आपल्या प्रोफेसरास असें पकडलें व त्या विषयाची फी परत मागितली. फी मिळाली नाहीं, पण प्रश्न राहिलाच. नियम मुलाला एक आणि गुरूला एक असा असेल तर तो नियम नव्हे, तो जुना वर्णाश्रमच नव्या कपड्यांत आला आहे.

आतां आमच्या स्वतःच्या माणसांस चार शब्द सांगतों, ते कडू लागले तरी गिळावे. यंत्राचा आळ खोटा असतो म्हणून खोटें काम खरें ठरत नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले आणि त्यांनीं सावकारांचे रोखे जाळले. तें लोण नगर जिल्ह्यांतही पोंचलें. त्यांचा राग कागदावर कां होता? कारण तो कागद दुसऱ्यानें लिहिलेला होता, त्यांत काय आहे तें शेतकऱ्यास वाचतां येत नव्हतें, आणि खालीं अंगठा मात्र त्याचा होता. त्यानंतर १८७९ सालीं सरकारला कायदा करून शेतकऱ्याचे दस्तऐवज सरकारी माणसापुढें लिहिण्याची सोय करावी लागली. तुमचा मुलगा यंत्रानें लिहिलेला निबंध न वाचतां आपलें नांव घालून देतो, तेव्हां तो काय करतो? दुसऱ्याच्या कागदावर अंगठाच उठवितो. आजानें तो नाइलाजानें उठविला, नातू तो हौसेनें उठवीत आहे, एवढाच फरक.

सुताराचें पोर किकरें कसें धरावें हें किकरें धरूनच शिकतें. पहिल्या दहा फळ्या वांकड्या होतात, तेव्हां अकरावी सरळ होते. त्या दहा फळ्या दुसऱ्यानें तासून दिल्या तर अकरावीही दुसऱ्यानेंच तासावी लागते. लिहिण्याचें तसेंच आहे. वांकडा निबंध लिहिण्यांत लाज नाहीं. वांकडा लिहिल्यावांचून सरळ कधींच येणार नाहीं. दुसरें असें कीं, या यंत्रानें जें वाचलें तें बहुतेक छापलेलें. आणि आजवर छापलें कोणाचें? ज्यांच्या हातीं लेखणी होती त्यांचें. तुमच्या जात्यावरचें, मोटेवरचें, भट्टीवरचें बोलणें फार थोडें कागदावर आलें. तें तुमच्या मुलानें स्वतः लिहिलें नाहीं तर यंत्र तें कोठून आणणार? तें आमच्या मुलांच्या तोंडींही दुसऱ्यांचीच भाषा घालील.

म्हणून यंत्रास हातच लावूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या घरांत अडलेलें गणित सांगणारें कोणी नाहीं, शिकवणीस पैसा नाहीं, तेथें रात्रीं दहा वाजतां मराठींत प्रश्न विचारून उत्तर मिळतें ही लहान गोष्ट नव्हे. श्रीमंताच्या मुलास घरीं मास्तर असतो. गरिबाच्या मुलानें कंदिलासारखा त्याचा उपयोग करावा. कंदील वाट दाखवितो, चालत नाहीं. विचारावें, समजून घ्यावें, पुस्तकाशीं ताडून पाहावें, मग मोबाइल बाजूस ठेवावा आणि स्वतःच्या हातानें लिहावें.

शाळा-कॉलेजांकडे आमचें मागणें चार गोष्टींचें आहे. पहिली, केवळ पारखयंत्राच्या आंकड्यावरून कोणत्याही मुलास चोर ठरवूं नये, गुण कापूं नयेत, आईबापांस बोलावून अपमान करूं नये. दुसरी, संशय आला तर मुलास समोर बसवावें आणि दहा मिनिटें तोंडी विचारावें. ज्यानें लिहिलें त्यास सांगतां येतें, ज्यानें उतरविलें तो तिसऱ्या प्रश्नास अडखळतो. मात्र बुजऱ्या मुलास त्याच्या घरच्या बोलींत उत्तर देण्याची मुभा असावी. निबंधाचा कच्चा खर्डा वहींत ठेवण्याची संवय लावावी. तो खर्डाच उत्तम साक्षीदार. तिसरी, यंत्राचा उपयोग कोठें चालेल व कोठें चालणार नाहीं हें वर्षाच्या आरंभीं मराठींत लिहून फळ्यावर लावावें, आणि त्याच कागदावर शिक्षकांसाठींही नियम असावा. चौथी, आणि ही सरकारास: रिकाम्या जागा भरा. जो प्राध्यापक तासिका तत्त्वावर या कॉलेजांतून त्या कॉलेजांत धांवतो त्यानें कोणाला समोर बसवावें? पारखयंत्रास पैसा आहे आणि मास्तरास नाहीं, हा हिशेब आम्हांस समजावून सांगा.

आईबापांचें काम तर याहून सोपें आहे. मुलानें निबंध लिहिला म्हणजे रात्रीं जेवणें झाल्यावर तो मोठ्यानें वाचावयास लावा, आणि मग म्हणा, "आतां आपल्या बोलींत सांग बरें, काय लिहिलेंस तें." तुम्हांस एक अक्षर येत नसलें तरी चालेल. ज्याला समजलें आहे तें मूल तुम्हांस समजावून देईल; ज्याला समजलें नाहीं तें मान खालीं घालील. अडाणी आईनें चुलीपाशीं बसून घेतलेली ही परीक्षा आहे. तींत शेंकडेवारी नाहीं, फी नाहीं, आणि कोणावर खोटा आळही येत नाहीं.

आणि ज्या दिवशीं तुमच्या निर्दोष मुलावर असा आळ येईल, त्या दिवशीं घरीं बसून त्यास मारूं नका. त्याची खर्ड्याची वही घ्या, त्याला बरोबर घ्या, आणि शाळेंत जाऊन सांगा कीं, "मास्तर, यंत्रास विचारूं नका. हें पोर उभें आहे, यास विचारा."